येळवशीला उचललेलं पाडस

२८ डिसेंबर
परवा येळवस, वेळ अमावस्या. भज्जीत सगळ्या भाज्या-डाळी एकत्र शिजायच्या, तिच्या शेंगा सोलून झाल्या. चिंच भिजवायची हाय, बाजरीचं पीठ दळून आणायचं हाय. त्यात हरणांच्या कळपानं वरच्या अंगाचा हरभरा निम्मा खाऊन टाकला. बांधावर उभी राहून पोटभर शिव्या दिल्या. हे म्हणतात, "तुझ्या शिव्यांनी ती पळत न्हाईत, कान टवकारून ऐकतात." नवरा हाय का हरणांचा वकील!

शमीमला फोन केला. औशात तिचं शिलाईचं दुकान, पण येळवशीला कुलूप लावून दरसाल रानात येतीच. "भज्जी माझ्या नावाची जास्त कर," म्हणली. अशी मैत्रीण मिळाली, अजून काय मागावं.

३० डिसेंबर, येळवस
पाय तुटलेत, पण मन भरलं. सकाळपासून सगळा गाव आपापल्या रानात. आमच्या एकट्या कडब्याच्या कोपीवर वीस-पंचवीस माणसं. पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांची पूजा झाली, ह्यांनी आंबील शिंपडत शेताला फेरा मारला. वर्षभर जमीन आपल्याला खाऊ घालते, एक दिवस आपण तिला जेवू घालायचं. मला तर दिवाळीपेक्षा हाच सण मोठा.

जेवणं झाल्यावर डहाळा उपटायला हरभऱ्यात शिरले आणि पाय पडता पडता राहिला. हरणाचं पाडस! मान जमिनीला लावून पडलेलं, हलायला तयार न्हाई. डोळे तेवढे टकमक.
"आईनं टाकलं गं ह्याला."
शमीम म्हणली, "हात नको लावूस, येईल तिची ती."
मी कुठली ऐकतीय. दोन तास वाट पाहिली, कोणी आलं न्हाई. उष्ट्यावर कुत्री जमायला लागलेली. शेवटी पदरात गुंडाळून घरी आणलं. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. प्यालं की! सगळी गल्ली बघून गेली. फार पुण्य केल्यासारखं वाटतंय.

३१ डिसेंबर
सकाळी हगवण लागली त्याला. मान टाकली.

त्यात शमीमचा फोन. तिनं औशाच्या वनरक्षक मॅडमला कळवलं, मला न विचारता! तोंडाला येईल ते बोलले तिला. ती म्हणली, "चिडून घे. मॅडम दुपारी येतील."

आल्या. पोरगीच हाय, माझ्या लेकीच्या वयाची. वाटलं आता केस करती. तिनं आधी पाडसाला बघितलं, जनावराच्या डॉक्टरला फोन लावला, त्यांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. मग म्हणली, "काकू, हरणी पिलाला लपवून चरायला जाते. ते हलत नाही ते मुद्दाम. टाकलं नव्हतं तिनं. काल रानभर माणसं होती, ती जवळ येणार कशी?"

म्हणजे आमच्या सणानं तिची वाट अडवली, आणि वर मी तिचं लेकरू उचलून आणलं. मेले लाजेनं.

"माझ्या हाताच्या वासानं आता घ्यायची न्हाई ना?"
"वासाचं काही नाही. माणसांना भिते ती." उद्या उजाडताच जिथून उचललं तिथंच ठेवायचं, शिवारात कोणी फिरकायचं न्हाई. दोन दिवसांत आई आली न्हाई तर त्या घेऊन जाणार. पण आईविना इतकं लहान पिलू जगणं अवघड, हेही सांगितलं. खोटा धीर दिला न्हाई, बरं केलं.

शमीमला फोन. "चुकले गं."
"येडी हायस. भज्जी उरली का सांग."

१ जानेवारी
ठेवलं. जागा लगेच सापडली, डहाळा मीच उपटलेला. ठेवल्याबरोबर मान जमिनीला लावून गप पडलं. आज हगवण कमी.

या आठवड्यात लाईट दिवसाची, गव्हाच्या पाण्याची पाळी. मोटार लावली न्हाई. हे तडकले, "गव्हाला पाणी काय हरणाचा बाप देणार?" थोड्या वेळानं बघते तर स्वतःच शेजाऱ्यांना सांगून आलेले, इकडून कोणी जाऊ नका म्हणून. मग दिवसभर लांबच्या बांधावर काठी घेऊन कुत्री राखत बसले. भाकर तिथंच नेऊन दिली. ह्या माणसाला मी किती बोलते, देवा.

हरणी गायरानात उभी दिसली. आली न्हाई.

२ जानेवारी
आली! नऊच्या सुमाराला. चाळीस पावलांवर थांबली, पाय आपटला, मागं गेली. परत आली. तेवढ्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर गाणी लावून आला आणि ती उधळली. मी लांबच्या बांधावर लिंबाखाली बसून रडले. हे धावत जाऊन ट्रॅक्टरवाल्याला आडवे झाले, वळवून लावला त्याला.

दिवस कलताना परत आली, एकटीच. या खेपेला थेट हरभऱ्यात. मान खाली घातली. लई वेळ वर केली न्हाई. हरभरा खात होती का लेकराला चाटत होती, लांबून कळंना. पाडस तर दिसतच न्हाई एवढ्या हरभऱ्यात. अंधाराच्या आत निघा असं मॅडमनी बजावलेलं. निघालो. पाय निघत नव्हता.

३ जानेवारी
जागा रिकामी.

रक्त न्हाई, केस न्हाई. खुरं उमटलेली, लहान-मोठी सगळी, पण तिथून तर सगळा कळप जातो. "कुत्र्यांनी नेलं असतं तर काहीतरी दिसलं असतं," हे म्हणाले. मग मोटार लावायला गेले. मी तिथंच हात जोडले. जमिनीला, हरणीला, शमीमला, त्या पोरीला. कुणाकुणाला ते मलाच उमगंना.

दुपारी मॅडमचा फोन. "काकू, अहवालात काय लिहू?"
"आईकडं गेलं म्हणून लिवा."
"तुम्ही पाहिलं?"
"न्हाई."
"मग 'जागेवर आढळले नाही' एवढंच लिहिता येईल."
बरोबर हाय तिचं. सरकारी कागद, तिथं डोळ्यांनी बघितलेलंच लिवतात. ही वही माझी हाय. आईकडं गेलं.