काचेतल्या वारुळाचे वारस

मी, खाली सही करणारा, वय वर्षं छप्पन्न, धंदा मुद्रितशोधन, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवून त्यावर पोट भरणं, आज लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. यकृत नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी तपासल्या आहेत. पहिलीबद्दल त्यांना थोडी शंका होती, तरी दाखला दिला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भुलीने किंवा आग्रहाने लिहीत नाही. आग्रह असलाच तर वेळेचा आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मनात एक होतं. त्यात सगळं मुलीला होतं, एका ओळीत. ती ओळ आता निरुपयोगी झाली, म्हणून हे एवढं लांबलं आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या शाळासोबत्याने करावी. तो वकील आहे. शाळेत माझ्या वहीतून संस्कृतची भाषांतरं उतरवून तो पास झाला, तेव्हा माझं लिहिलेलं जसंच्या तसं पाळण्याची त्याला सवय आहे.

कलम १. माझं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या पत्नीला. कोणतीही अट नाही. तिने राहावं, विकावं, कुलूप लावून ठेवावं. ती गेली तीन वर्षं तिच्या थोरल्या बहिणीकडे राहते. आमचा घटस्फोट झालेला नाही, भांडणही झालेलं नाही. नातेवाइकांनी कारणं शोधण्याचे बरेच कष्ट घेतले. त्यांनी आता विश्रांती घ्यावी. खरं कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल तेही पत्नीलाच. माझे कोश आणि लाल पेन्सिलींचा डबा प्रेसमध्ये माझ्या खुर्चीवर जो कोणी बसेल त्याला. त्याने एवढं ध्यानात ठेवावं की लाल रंग मुंग्यांना दिसत नाही, आणि लेखकांनाही दिसत नाही.

कलम ३. माझ्या धाकट्या भावाला शिडी. ती त्याच्याकडेच आहे, गॅलरी रंगवायला म्हणून नेली होती. गॅलरी रंगवून झाली, पुन्हा रंगवायला आली, आता ती कायदेशीरपणे त्याची. मुलगी गेली त्या आठवड्यात हाच भाऊ मला म्हणाला होता, "दादा, ते मुंग्यांचं डबडं आता गच्चीवर नेऊन ठेव. उगाच आठवण होते." मी त्याला काही बोललो नाही. आता बोलतो: अरे बाबा, आठवण उगाच होत नसते.

कलम ४. वरच्या मजल्यावरच्या काकूंना घट्ट झाकणाचे सहा डबे, नवे. काकूंनी सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं की त्यांच्या साखरेतल्या मुंग्या आमच्या घरातून येतात. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ती भर सभेत म्हणाली, "काकू, आमच्या दाणे खातात. तुमच्या साखरेला त्या तोंडही लावणार नाहीत." काकूंना हा साखरेचा अपमान वाटला. तरी ती गेली त्या दिवशी आमच्या दारातल्या चपला नीट लावत काकू जिन्यावर बसून होत्या, आत आल्या नाहीत. डबे त्यासाठी.

कलम ५. मुंग्या.

माझा खर्डा वाचता वाचता वकील इथे थांबला. "हे कशात धरू? स्थावर की जंगम?"

"जंगम. दिवसभर चालतात."

"मस्करी नको. नेऊन बागेत सोडून दे ना. सुटशील."

ते का होणार नाही ते लिहितो, म्हणजे माझ्यामागे कोणाला ही कल्पना नव्याने सुचायला नको.

आमची मुलगी रांगत होती तेव्हा एकदा मुंग्यांच्या रांगेमागून रांगत थेट मोरीपर्यंत गेली. तेव्हापासून मी तिला पिपीलिका म्हणू लागलो. संस्कृत शिकलेल्या बापाला लाडाचं नावसुद्धा मुंगीपेक्षा लांब सुचतं. हिने, म्हणजे पत्नीने, त्याला कात्री लावून पिपी केलं. नऊ वर्षांची असताना एका दमट संध्याकाळी पिपी शाळेमागच्या मोकळ्या जागेतून मूठ झाकून घरी आली. मुठीत एक मोठी काळी मुंगी होती.

"आई, हिला पंख होते. हिने स्वतःच तोडून टाकले."

"का गं?"

"आता कुठे जायचं नाही म्हणून."

"हं," ही म्हणाली. "लग्न झालं असणार."

तसंच होतं. ती राणी होती, आणि वारूळ करायला जागा शोधत होती. खालच्या डॉक्टरांकडून काचेची नळी आली, नळीत पाणी, पाण्यावर कापसाचा बोळा, पुढे राणी. महिन्या-दीड महिन्याने नळीत चार फिक्या मुंग्या फिरू लागल्या, आणि पिपी शाळेत पेढे वाटावेत तशी ही बातमी वाटत सुटली. पुढे मी आणि तिने मिळून दोन काचांमध्ये प्लास्टर ओतून घर केलं. त्यात कोरलेल्या खोल्या, एक पिल्लांची, एक दाण्यांच्या कोठाराची, आणि बाहेर हिंडायला एक उघडी पेटी. काचेवर लाल पारदर्शक कागद. लाल त्यांना दिसत नसल्यामुळे आपण बघत असलो तरी त्यांना अंधारच वाटतो.

हिची कुरकुर चालू असायची. "ओट्यावरच्या मुंग्या मी फडक्याने पुसायच्या, आणि या बाईसाहेबांना दुकानातून दाणे आणून घालायचे. वर सुपात पाखडून!" पाखडायची मात्र तीच. खड्यांनी मुंग्यांच्या दाढा दुखतील, असं पिपीने तिला पटवलं होतं.

शाळेमागची ती जागा आता सिमेंटची आहे, तिथे गाड्या उभ्या असतात. बागेत सोडलं तर तिथली वारुळं या परक्यांना अर्ध्या तासात फाडून टाकतील. पिपीचा नियम होता, जिथून आणलं तिथेच सोडायचं, नाहीतर शेवटपर्यंत सांभाळायचं. पहिला पर्याय सिमेंटखाली गेला. उरला दुसरा.

चार वर्षांपूर्वी तिला ताप आला. एकोणीस पूर्ण झाली होती. दवाखान्यात तिने डोळे उघडून विचारलं, "बाबा, नळीत पाणी आहे का?"

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "भरून आलेय गं बाई. दाणेही घातलेत. आता तू दोन घोट घे, म्हणजे सगळ्यांचं झालं."

तिने दोन घोट घेतले. त्यानंतर तिने काही विचारलं नाही.

पुढचं वर्ष आम्ही दोघांनी कसं काढलं ते मृत्युपत्रात घालण्यासारखं नाही. एका दुपारी ही लाल कागद उचलून काचेसमोर बराच वेळ उभी होती.

"आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"राणी. अजून आहे." मग कागद पुन्हा नीट लावला. कडा बोटाने दाबल्या. "आपली गेली, आणि ही आहे. मला हे बघवत नाही हो."

अशा राण्या वीस वर्षंही जगतात, हे मला ठाऊक होतं. ते उत्तर नव्हतं. हिने पिशवी भरली. दारात म्हणाली, "त्यांना टाकू नका. पण मला इथे राहा म्हणूनही सांगू नका." मी सांगितलं नाही. हेच ते कारण.

तेव्हा जो कोणी पुढे सांभाळील त्याच्यासाठी:

दाणे पेटीत घालावेत, घरट्यात नाही. बाजरी, राळा, गवताचं बी. आत नेणं हे त्यांचं काम आहे, त्यांना मदत करू नये. आठवड्यातून एखादा मेलेला डास किंवा झुरळाचा पाय, पिल्लांसाठी. दाण्यांवाचून त्या महिनाभर काढतात, कोठार असतं. पाण्यावाचून नाही. नळी बघत जावी. पेटीच्या काठाला आतून तोंडाला लावायची पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावावी, म्हणजे पाय घसरतात आणि काकूंचा मान राहतो. कोंब आलेला दाणा त्या बाहेर आणून टाकतात. पिपी तो गॅलरीतल्या कुंडीत लावायची. त्या कुंडीत आज जे उगवलंय ते त्यांनी नाकारलेलं धान्य आहे. छान आलंय.

आणि एक. राणी कधीतरी जाईल. ती गेल्यावर बाकीच्यांना ते लगेच कळत नाही, किंवा कळतं आणि त्या ते धरत नाहीत. तिच्याभोवती जमून तिला चाटतात, साफ करतात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अलगद नेतात. हे बरेच दिवस चालतं. कोणी चिमट्याने तिला काढायला जाऊ नये. दुसरी राणी आणून ठेवू नये. त्या तिला स्वीकारणार नाहीत. त्या नेतील तेव्हा नेतील. आम्हालाही समजवायला पुष्कळ जण आले होते.

आता मुंग्या कोणाला, हा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात मी जवळजवळ महिनाभर दवाखान्यात होतो. ही रोज दुपारी यायची, डबा घेऊन. उशी सारखी करायची, जेवलो का बघायची, संध्याकाळच्या बसने बहिणीकडे जायची. घराबद्दल एक शब्द नाही, मुंग्यांबद्दल तर नाहीच. घराची माझ्याकडची किल्ली मी धाकट्या भावाला दिली होती, नळी कशी भरायची ते दाखवलं होतं. सुटी मिळाली त्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. वाटेत म्हणाला, "दादा, रागावू नकोस. मी एकदाही गेलो नाही रे. विसरूनच गेलो."

मी रागावलो नाही. जिना चढताना मनात एवढंच होतं की लाल कागद आज उचलायचा नाही.

उचलला. नळी भरलेली होती. कापूस बदललेला, पांढरा स्वच्छ. काठाला पावडर ताजी. राणी जागेवर. आणि कोठाराच्या खोलीत, बाजरीच्या शेजारी, एक पांढरी रास.

खसखस.

ती राणी घरात आल्याच्या तारखेला पिपी त्यांना चिमूटभर खसखस घालायची. "रोज रोज बाजरी कोण खाईल, बाबा? तुम्ही खाल?" ती गेल्यापासून मी ती कधी घातली नाही, माझ्या हाताला जमलं नाही. भावाला खसखशीची गोष्ट माहीत नाही. काकूंना नाही. या जगात ती तिघांना माहीत होती. तारीखही ती नव्हती. नुसताच लाड होता.

त्या रात्री हिचा फोन आला.

"पोचलात? घर कसं आहे?"

"ठीक आहे."

"धूळ बसली असेल."

"नाही," मी म्हटलं. "बसलेली नाही."

मग ती म्हणाली, "औषध घ्या वेळेवर," आणि फोन ठेवला. त्यानंतर मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. विचारलं असतं तर ती पुन्हा आली नसती. आणि ती येते. मी तिला फोनवर सांगून डॉक्टरांकडे, प्रेसमध्ये, कुठे तासा-दोन तासांसाठी गेलो की आल्यावर कोठारात काहीतरी वाढलेलं असतं. बाजरीतले खडे पाखडलेले असतात. म्हणून अलीकडे मी विनाकारण बराच बाहेर जातो. तब्येत एवढी फिरण्यासारखी नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना खरं कारण आता वाचायला मिळेल.

तेव्हा कायद्याच्या भाषेत असं: सदर मुंग्या, राणीसह, मी कोणालाही देत नाही. ज्या हाताने खसखस घातली त्या हाताच्या त्या आधीच आहेत, हे मी फक्त नोंदवतो. त्या हातावर कसलंही बंधन नाही. तुला बघवलं नाही, तर कागद उचलू नकोस. नळी कागद न उचलताही भरता येते. तेवढं बघ. आणि अजून आहे का, हे बघावंसं वाटलं, तर बघ. माझी हरकत कधीच नव्हती. मीही रोज तेच बघायचो.

(वकील म्हणतो, मृत्युपत्रात "तू" चालत नाही. त्याने खोडू नये. मी मुद्रितशोधक आहे, चूक कुठली ते मला कळतं.)

कलम ६. पिपीचं भिंग, म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतात ते काळं भिंग, समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्यांना परत द्यावं. तिने ते एका दिवसासाठी मागून आणलं होतं, दहा वर्षं झाली. हे दान नव्हे, परतफेड. म्हणून त्यांना साक्षीदार होता येतं, असा वकिलाचा निर्वाळा आहे. घड्याळवाल्यांचं म्हणणं, "राहू द्या हो तिच्याकडेच." ते असं का म्हणाले हे त्यांनाही कळलं नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, त्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या, त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. माझ्यामागे कोणीतरी वाचताना मला हसावं.

आज सकाळी निघण्यापूर्वी मी हिला फोन केला. म्हटलं, "मी सह्यांसाठी वकिलाकडे चाललोय. संध्याकाळपर्यंत घरी नाही."

"बरं," ती म्हणाली. मग फोन ठेवताना, "सावकाश या."

सही: मुद्रितशोधक, पिपीचे बाबा

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली आणि ज्यांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
१. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, ज्यांची काचेची नळी अजून परत केलेली नाही
२. समोरचे घड्याळदुरुस्तीवाले

स्थळ: वकिलाची कचेरी, घरापासून पुरेशी लांब.

दिनांक: राणी घरात आली त्याला चौदा वर्षं पूर्ण झाली, तो दिवस. सह्या दुपारीच आटोपल्या आहेत. मी अजून इथेच बसलो आहे.