वाटेकरी मंत्राला किती गुण?

रविवार, ७ जून

दहापैकी दहा द्यायचे असं ठरवूनच गेले होते. दोघांनी मिळून पार दोनवर आणले!

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये आमचा फाशांचा खेळ चालतो. दर रविवारी दुपारी. ग्रंथपाल ते सगळं जग चालवतात — राक्षस, जंगल, पूल, वादळ. कंपाउंडर शिपाई होतो, चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला चोर होतो. मी क्लेरिक, म्हणजे देवीचं नाव घेऊन जखमा भरणारी. आणि आमची एक जाड वही आहे. प्रत्येक मंत्र खेळात वापरून बघायचा, मग गुण द्यायचे. चारच्या खाली गेला की काट. परत कोणी घ्यायचा नाही.

आज ‘वाटेकरी’ची पाळी. मंत्र असा — दोन अंगठ्या, एक माझ्या बोटात, एक सोबत्याच्या. संध्याकाळपर्यंत त्याला जो मार बसेल त्यातला निम्मा माझ्या अंगावर.

चष्मेवाला — “एका घावात दोघं जखमी. हा मंत्र आहे की साथीचा रोग?”

कंपाउंडर — “आणि तूच आडवी झालीस तर मलमपट्टी कोण करणार? मी? मी आठवडाभर तेच करतो, बाई. रविवारी तरी सुटका दे.”

ग्रंथपाल म्हणाले, वापरल्याशिवाय काट नाही. पुढच्या रविवारी परीक्षा.

त्यांना कसं सांगू, हा मंत्र मी घरात रोज बघते. ताईनं नववीत शाळा सोडली, शिवणकारखान्यात बसली, म्हणून मी पदवीपर्यंत पोचले. घरातली पहिली. आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवते. ताई तेवढा वेळ मान खाली घालून कुठला तरी दोरा तोडत बसते.

मंगळवार, ९ जून

ताईचं मनगट. डॉक्टर म्हणाले, दोन महिने मशीनला हात लावायचा नाही, नाहीतर पकड कायमची जाईल. बाहेर आल्यावर ताई म्हणते, “त्यांना काय, सगळ्यांनाच विश्रांती सांगतात.” घरी येऊन डाव्या हातानं कुकरचं झाकण लावत बसली. लागेना. मी लावलं. “मी लावणारच होते,” म्हणाली.

दोन महिने जागा रिकामी राहिली तर तिथे दुसरी कोणी बसणार. मग ताईचं काम गेलंच.

माझ्या एम.ए.च्या प्रवेशाचं पत्र कपाटावर आहे. दुसरं गाव, वसतिगृह, दोन वर्षं. पंचवीस तारखेपर्यंत होकाराचं पत्र टपालात टाकायचं.

बुधवार, १० जून

ठरलं. जायचं नाही.

शुक्रवार, १२ जून

कारखान्याच्या मास्तरांना गाठलं. दोन महिने ताईच्या जागी मला घ्या, म्हटलं. “पदवीधर बाई काजं करणार?” “शिकेन.” चष्म्यावरून बघत राहिले. सोमवारी सांगतो म्हणाले.

ताईला बोलले नाही. ती नाहीच म्हणेल, मग विचारायचं कशाला? अंगठी आधी घालून टाकायची.

रविवार, १४ जून

मेले.

पुलावर राक्षस होता. कंपाउंडर फोन घ्यायला बाहेर गेला तेवढ्यात मी ग्रंथपालांच्या कानात सांगितलं — शिपायाच्या बोटात अंगठी घातली. कंपाउंडर आला आणि काही माहीत नसताना थेट राक्षसावर धावला. सोटा बसला चोवीस ताकदीचा. शिपायाची ताकद वीस, माझी अकरा. निम्मे निम्मे, बारा बारा. शिपाई उभा राहिला. मी पडले.

मला वाटलं, आता तरी मंत्र चांगला म्हणतील. चष्मेवाला म्हणाला, “दोन गुणसुद्धा जास्तच झाले.” कंपाउंडरनं फासे गोळा केले. मग म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर मी पुलावर पाऊलच टाकलं नसतं.”

रविवारचा खेळ मी नेहमी ताईला सांगते. आज मेले म्हटल्यावर म्हणाली, “अगं बाई, मग जेवायला कशी आलीस?”

सोमवार, १५ जून

मास्तर हो म्हणाले. एक तारखेपासून; तोवर ताईची रजा आहे.

रविवार, २१ जून

मी पोचताच ग्रंथपालांनी मंत्राचा नियम वाचून दाखवला. ओशाळले होते, आधी नीट वाचला नव्हता. ज्याला अंगठी घालायची त्याचा होकार लागतो. होकार नाही तर मंत्र लागतच नाही. म्हणजे मी जिवंत! आणि चोवीसच्या चोवीस शिपायावर. म्हणजे तो मेला.

ग्रंथपालांनी कंपाउंडरला विचारलं, “तेव्हा विचारलं असतं, तर तुझा शिपाई हो म्हणाला असता?” एक ‘हो’ म्हणाला असता तर वाचला असता.

“नाही,” तो म्हणाला. “ही जगली तर चोराला तरी घरी पोचवेल.” आणि शिपायाची ताकद लिहिलेल्या कागदाची घडी घातली — दवाखान्यात पावडरची पुडी बांधतो ना, तशी — आणि माझ्यापुढे ठेवली.

गुण द्यायचे राहिले. येताना मी लांबच्या रस्त्यानं आले.

मंगळवार, २३ जून

दोन दिवस ताईला सांगायचं सांगायचं म्हणत होते. आज ती डॉक्टरांची चिठ्ठी द्यायला कारखान्यात गेली, तर मास्तरांनीच सांगितलं. “तुझी धाकटी येतेय म्हणे काजांना.”

ताई घरी आली ती चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी. “मला विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मग? तेवढंही म्हणायची सोय नाही मला?”

माझ्या तोंडून निघून गेलं — “तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, तेव्हा मला विचारलं होतंस?”

ताईनं चप्पल काढली. वाळलेले कपडे काढायला गेली, डाव्या हातानं. एकेक चिमटा.

बुधवार, २४ जून

आई बाहेर गेल्याचं बघून ताई म्हणाली, “तुझ्यासाठी नव्हती सोडली. नववीत दोनदा नापास झाले होते. आणि मला मशीन आवडायचं. आई लोकांना तसं सांगायला लागली, मलाही बरं वाटलं. मग खरं सांगायचं राहूनच गेलं.”

मास्तरांशी ती सकाळीच बोलून आली. दोन महिने शर्ट तपासायच्या टेबलावर. डाव्या हातानं जमतं. “विचारलं. हो म्हणाले.”

मग प्रवेशाचं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. “जाशील?”

विचारलं तिनं! मी हो लिहिलं.

पाकीट चिकटवताना म्हणाली, “आणि तुझ्या त्या मंत्राला किती दिलेस?”

“अजून नाही दिले.”

“पाच दे. निम्मे.”

पाच म्हणजे काट नाही.