माझ्या खुर्चीसाठी आलेले पाहुणे

परभणी, मंगळवार
मे १९९१

तीर्थस्वरूप विष्णुमामांस हेमाचा वाकून नमस्कार (दिवसभर बसून कंबर धरली आहे, तेव्हा जितकं वाकता आलं तितकाच गोड मानून घ्यावा).

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी एरंडाचा पाला बांधला होता, त्याचा काही गुण आला का? जिंतूरला ऊन कसं आहे? इथे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. आई, दादा खुशाल आहेत. मी खुशाल आहे असं लिहायला हात धजत नाही, म्हणून बाकीचं सविस्तर लिहिते.

तुझी कंपनी नेमकं काय बनवते, असं तुम्ही विचारलं होतं. मामा, सॉफ्टवेअर बनवते. ते दिसत नाही, हाताला लागत नाही, बिघडलं की मात्र सगळ्या गावाला दिसतं. मध्यंतरी मोंढ्यातले एक धान्याचे व्यापारी आपला प्रोग्राम न्यायला आले, ते हातगाडीच घेऊन. मी त्यांच्या हातात फ्लॉपी ठेवली (पापडाएवढं चौकोनी पाकीट असतं, सगळा प्रोग्राम त्यात मावतो). ते बराच वेळ माझ्या पाठीमागे बघत उभे राहिले, उरलेलं सामान कधी येतंय म्हणून.

कंपनी म्हणजे कापड दुकानावरची एक खोली, एक कॉम्प्युटर, मालक अण्णासाहेब आणि मी. कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही म्हणून खोलीत एसी आहे (मला सोसतो की नाही, हे कुणी विचारलेलं नाही). त्यामुळे अण्णासाहेबांच्या सासूबाई, बायनाबाई, रोज जेवण झालं की सतरंजी घेऊन येतात, चपला बाहेर काढतात, कॉम्प्युटरला हात जोडतात आणि त्याच्या पायाशी आडव्या होतात. त्या घोरतात, मी प्रोग्राम लिहिते. मग लाईट जाते. सकाळपासून लिहिलेलं सगळं पुसलं जातं, एसी गप्प होतो, आणि बायनाबाई उठून मलाच विचारतात, "काय केलीस गं पोरी?"

अशात गेल्या आठवड्यात अण्णासाहेब म्हणाले, "हेमाबाई, एक माणूस घ्यायचाय. मला त्यातलं काय कळत न्हाई. मुलाखती तुमीच घ्या." मामा, मी घरी पायी नाही, तरंगत गेले. हाताखाली माणूस! साडीला इस्त्री केली, प्रश्न काढले, आरशासमोर गंभीर चेहऱ्याचा सराव केला.

पहिला उमेदवार मुंजाजी. मशीनवरचं काम आहे असं ऐकून तो पाना-पक्कड घेऊन आला होता. कॉम्प्युटर बघून "ह्यो तर टीवीच हाय की!" म्हणाला आणि फसवल्यासारखा निघून गेला. दुसरा एका पुढाऱ्याची चिठ्ठी देऊन खालीच चहाला थांबला, तो वर आलाच नाही. तिसऱ्यासाठी दार उघडलं आणि माझा सरावाचा चेहरा गळून पडला. चंद्रभान! तुम्हीच दिवाळीत आणलेलं जिंतूरचं स्थळ. ज्याच्या घरच्यांनी मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, पोहे दोनदा घेतले आणि मग निरोप धाडला की मुलगी मशीनपुढं बसती, डोळे जातील.

त्यानेही ओळखलं. एसीत त्याला घाम फुटला, दस्तीने तोंड पुसत राहिला. मी पहिला प्रश्न विचारणार तोच सतरंजीवरून बायनाबाई उठून बसल्या. "पाव्हणे कुठले म्हणायचे? शेती किती? भाऊ किती?" तो खाली मान घालून सगळ्यांची उत्तरं देत गेला. (त्याला चालून दाखवा म्हणावं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.) शेवटी मी म्हटलं, "काहीतरी टाईप करा." त्याने एका बोटाने अक्षरं शोधत स्वतःचं नाव लिहायला घेतलं. मधेच थांबला.

"मॅडम, मला लय काही येत न्हाई. पर शिकीन. घरी सांगून बसलोय, नोकरी लागली म्हणून. आई पेढे वाटायलीय."

मला त्याचा राग धरून ठेवायचा होता. जमलं नाही. मी अण्णासाहेबांना सांगितलं, हा चालेल.

"बरं झालं," अण्णासाहेब म्हणाले. "म्हैनाभरात सगळं शिकवा त्याला. तुमचं आज ना उद्या लग्न व्हणार. खुर्चीवर कायमचा माणूस पाहिजे."

म्हणजे मामा, मी माझ्याच खुर्चीची मुलाखत घेतली आणि माणूसही पसंत केला. मी पुष्कळ बोलले. अजून लग्न ठरलेलं नाही म्हटलं, ठरलं तरी काम सोडणार नाही म्हटलं. ते कौतुकाने हसले, लहान मुलाने मी कलेक्टर होणार म्हटल्यावर हसतात तसे. आता चंद्रभान शेजारच्या स्टुलावर बसतो आणि मी त्याला शिकवते. त्याला खुर्चीचं कळलं तेव्हा डबा तसाच बांधून म्हणाला, "मला म्हाईत असतं तर आलो नसतो." पण दुसऱ्या दिवशी आला. न येऊन काय करेल? आणि मी तरी न शिकवून काय करणार? चुकीचं शिकवलं तर माझेच प्रोग्राम बिघडतील.

डोकं चालत नाही. या क्षेत्राचं नाव काढायला नको वाटतं. पापड लाटावेत म्हणते. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
हेमा

ता.क. माझी खुर्ची जाणार हे आईला कळू देऊ नका. ती आनंदाने देवाला नारळ फोडेल.

ता.क. दुसरा. चंद्रभानच्या आई मालनबाई तुमच्याकडे यायच्या आहेत. मुलाला चांगली नोकरी लागली, आणि ती मुलगीही आता घरीच बसणार, तेव्हा पुन्हा बोलणी करावी म्हणतात. चहा द्या, नकार द्या. मुलगा वाईट नाही, पण मी आता मास्तरीण आहे त्याची.

ता.क. तिसरा, आणि हेच खरं. औरंगाबादच्या एका मोठ्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलंय. आई एकटीला सोडणार नाही. तुम्ही तिला एवढंच कळवा की औरंगाबादला एक चांगलं स्थळ आहे, मुलीला घेऊन जातो. ती स्वतः मला एसटीत बसवून देईल.