उतरलेल्या बॅटरीबद्दल सूनबाईला

सूनबाई,

घरात तोंडी बोललो तर चार कान टवकारतील, म्हणून चिठ्ठी स्टिअरिंगवर ठेवतोय. बॅटरी सारखी उतरते म्हणून तुझा नवरा गाडी विकायला निघालाय. मी वायर काढून तपासली, बॅटरी ठणठणीत आहे. मग काल दुपारी खिडकीतून पाहिलं, तर तू काचा लावून आत बसलेली, इंजिन बंद, रेडिओ चालू. बॅटरी उतरणार नाही तर काय?

या घरात तुला दार लावून बसायला दुसरी जागा नाही, एवढं मलाही कळतं पोरी. त्याला सांगितलंय, डायनॅमो गेलाय, दुरुस्त करून घेऊ.

तुझं लग्नाआधीचं लायसन कपाटात नुसतं पडलंय, ते घे. बॅटरी मी चार्ज करून ठेवलीय. आज इंजिन चालू कर आणि गाडी फाटकाबाहेर काढ. सासूने विचारलं तर सांगेन, मीच तिला गॅरेजला पिटाळलंय. गॅरेज लांब आहे, असंही सांगेन. सावकाश ये.

— तुझा सासरा