चष्म्याच्या दुकानातली ठकी

प्रिय मास्तर,

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे बरे आहेत. तुझी ताई गेल्या महिन्यात येऊन गेली. नव्या गावी तुला शाळा लांब पडते, खोलीत ऊन येत नाही, असं म्हणाली. जेवणाचं विचारलं तर नुसती हसली. म्हणजे अजून उभ्याउभ्याच जेवतोस.

माझं काम चालू आहे. मध्ये एका मासिकासाठी न्यायाधीशबाईंचे फोटो काढले. बाई इतक्या ताठ बसल्या की मलाच आरोपी असल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी म्हटलं, चपला काढून बसा. तेव्हा कुठे चेहरा सैल पडला.

आणि काल चष्मेवाल्यांचं काम केलं. हो, तेच. दुकानांच्या काचांवर लावायला लहान मुलीचा नवीन फोटो. मागच्या वेळी ठरवलेली मुलगी दिवे बघूनच रडायला लागली, मॅनेजर वैतागले, आणि मी तुला फोन केला की आपल्या ठकीला शाळेतून आहे तशी घेऊन ये. रिबीन सुटलेली, बोटांना शाई. फ्रेमला काचा नव्हत्या, तर त्यातूनच बोट घालून डोळा चोळत होती. मॅनेजरना हसरा चेहरा हवा होता आणि बाईसाहेब काही केल्या हसेनात. मग तू माझ्या मागे उभा राहून डोक्यावर पुठ्ठा ठेवलास आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलास. तरी हसली नाही. चष्म्याच्या वरून तुझ्याकडे बघत राहिली, मोठी माणसं वेडपट पोराकडे बघतात तशी. तोच फोटो लागला. दुसऱ्या महिन्यात तिला ताप आला. पुढचं आपण दोघांनी पाहिलंय, लिहीत नाही.

ती गेली, फोटो तिथेच राहिला. चौकातल्या दुकानासमोर मी रोज थांबायचे. एकदा काउंटरवरच्या मुलीने बाहेर येऊन विचारलं, "मॅडम, नंबर तपासायचाय का?" काय सांगणार? तपासून घेतला. डोळे चांगले निघाले.

कालची मुलगी आजोबांबरोबर आली होती. भलती बडबडी. हनुवटी जरा वर करावी म्हणून मी हात लावला आणि हात तिथेच राहिला. तिने विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?" मी हो म्हटलं. "कितवीत?" दुसरीत, म्हटलं. "म्हणजे माझ्याच वर्गात," म्हणून ती इतकी खूश झाली की तोच फोटो सगळ्यांत चांगला आला. खोटं बोलले का रे मी? नंतर वायरी गुंडाळायला खाली बसले ती उठवेचना. आजोबांनी पाणी आणून दिलं.

नवीन फोटो काढा, असं चष्मेवाले म्हणाले नव्हते. मीच त्यांच्याकडे गेले. मॅनेजर म्हणाले, हा फोटो लोकांना आवडतो, कशाला बदलायचा? कारण सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच तारीख ठरवली. तुझी ताई निघताना दारात म्हणाली होती, "तो तुझ्यावर रागावून नाही गं गेला. त्या चौकातून जाणं त्याला जमेना. गोदामामागून वळसा घालायचा, तरी बसमधून ती दिसायचीच." मला कसं कळलं नाही? ती तिथे दिसते म्हणून मी सकाळी उठत होते, आणि ती तिथे दिसते म्हणून तू घर सोडलंस. आज फोटो उतरवला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुम्ही बाहेर बसा. मी बसले नाही, एक कोपरा मीच धरला. नवा छापून येईपर्यंत काच मोकळी आहे. तिथून जाणं मला अवघड जाईल, पण तुला येता येईल. रविवारी ये. मी बसथांब्यावर येते, दोघं मिळून चौक ओलांडू.

तुझीच,
ठकीची आई