आप्पासाहेबास, उन्हात न दिसणाऱ्या स्क्रीनबाबत

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
वैशाखातला मंगळवार, भर दुपार

राजमान्य राजेश्री आप्पासाहेब, वस्ती चितेगाव, कडी लावलेल्या दाराच्या आत, यांस बद्रीनाथचा कडीच्या बाहेरून रामराम.

इकडं सगळे खुशाल आहेत. माझा गुडघा पावसाळ्याची वाट न पाहता आत्तापासूनच दुखतो, आमच्या मंडळींची शुगर त्यांच्या स्वभावापेक्षा बरीच गोड निघाली आहे, आणि सूनबाई निशा मला रोज सकाळी चहाबरोबर ऐकवते की या वयात माणसानं नातवंडं खेळवावीत, बिनइंजिनाची विमानं नव्हेत. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. फोन तू उचलत नाहीस. दोनदा दारात आलो तर तुझ्या स्वयंपाकाच्या पारूबाईनं साहेब झोपलेत म्हणून मला वाटेला लावलं (झोपलेला माणूस आतून खोकत होता, पण असो). दीपमाला वहिनी गेल्या त्याला वर्ष होत आलं, आणि तेव्हापासून तू उंबरा ओलांडलेला नाहीस, हे चितेगावात कुणीही सांगेल. पत्राला मात्र कडी लावता येत नाही, ते दाराखालून सरकतं, म्हणून वीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला मी पोस्टाचं तिकीट लावून लिहितोय. घाबरू नकोस, तुला बाहेर काढायला हे पत्र नाही. विषय निव्वळ तांत्रिक आहे. विषय आहे एक स्क्रीन.

तर झालं असं, की आपल्या ग्लायडिंग क्लबात (आपल्या म्हणतो, कारण पाटीवर तुझं नाव अजून आहे, फक्त रंग उडालाय) यंदा ऋतुराजनं रस्ता दाखवणारं एक यंत्र आणलं. ऋतुराज म्हणजे आपला नवा सेक्रेटरी, पोरगा गुणी आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा नियम करायची खोड आहे. यंत्र तळहाताएवढं, पुढं चिमट्यानं अडकवायचं, की आपण आकाशात कुठं आहोत, वारा कुठून आहे, धावपट्टीपर्यंत परत पोचू की कुणाच्या तुरीत उतरू, सगळं त्या काचेवर दिसतं. ऑफिसच्या सावलीत मी ते हातात घेतलं आणि खरं सांगतो, जीव हरखला. नाथसागर निळाशार, पैठण रोड पांढरा, गावांची नावं मराठीत. मी लगेच ग्लायडरमध्ये बसलो, डोक्यावरचं काचेचं झाकण लावलं, विंचच्या यंत्रानं दोर ओढून वर सोडलं, आणि खाली पाहिलं तर स्क्रीन काळी ठिक्कर. तव्यासारखी. त्या काळ्या काचेत मला नाथसागराऐवजी माझ्याच दोन नाकपुड्या दिसत होत्या, आणि या वयात त्या खालून बघण्यासारख्या राहिलेल्या नाहीत.

मी हार मानणाऱ्यातला नाही हे तुला माहीत आहे (तू त्याला हेकेखोर म्हणायचास). पहिल्यांदा स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला, तर यंत्र इतकं तापलं की सावलीत आणल्यावर मला फार गरम होतंय असं लिहून स्वतःच बंद पडलं. मराठवाड्याच्या उन्हात हे वाक्य आजवर माणसांनीही बोलून दाखवायची हिंमत केली नव्हती. मग मंडळींच्या साडीच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं छप्पर करून स्क्रीनवर बसवलं, तर सावली पडली खरी, पण छपरामुळं उंची दाखवणारा काटा झाकला गेला. दुपारी गच्चीवर जाऊन यंत्र निरनिराळ्या कोनांत धरून बघावं म्हटलं, तर निशानं तिथं कुरडया वाळत घातलेल्या होत्या. सासरे बसलेलेच आहेत म्हटल्यावर तिनं माझ्या हातात काठी दिली आणि कावळे हाकलायचं काम लावलं. शास्त्रीय संशोधनाची आपल्याकडं ही कदर आहे.

शेवटी मी जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पुढच्या खेपेला वर गेल्यावर मी खांद्यावरची मोठी दस्ती डोक्यावरून घेतली आणि स्क्रीनसकट तिच्या आत शिरलो, जुने फोटोवाले काळ्या कापडात शिरायचे तसा. आत अंधार, स्क्रीन तरीही काळी, आणि मी डोळे ताणून बघतोय. खालून ऋतुराजला दुर्बिणीतून बिनमुंडक्याचा माणूस ग्लायडर चालवताना दिसला, आणि तो रेडिओवर काय बोलला ते मी लिहीत नाही, कारण त्याची आई माझ्या ओळखीची आहे. दस्तीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा चढती हवा हातची सुटली होती, धावपट्टी लांब राहिली होती आणि खाली कापसाचं नांगरून ठेवलेलं रान दिसत होतं. उतरलो. नीट उतरलो, खरचटलंसुद्धा नाही.

कुठं उतरलो ते तुला माहीत आहे. तुझ्या घराच्या मागच्या रानात. (मुद्दाम नाही. निदान पूर्णपणे मुद्दाम नाही.) सगळं चितेगाव गोळा झालं, सुट्टीतली पोरं धावली, कंपन्यांची पहिली पाळी संपवून आलेले लोक डबे घेऊन उभे राहिले, एका आजीनं पंखाला हळदकुंकू लावलं. मी मान उंच करून गर्दीत एकच टक्कल शोधत होतो. ते आलं नाही. आली पारूबाई, हातात तांब्या घेऊन. साहेब उठले का म्हणून मी विचारलं, तर ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "नाय, झोपल्यात. त्येंनीच खिडकीतून पाह्यलं अन् म्हनले, बद्रीला पाणी नेऊन दे, गुळाचा खडा बी दे." झोपलेल्या माणसाला इतकं स्वच्छ दिसतं, आप्पा, आणि माझी स्क्रीन उघड्या डोळ्यांनाही दिसत नाही, हा न्याय मला कळला नाही. गूळ मात्र चांगला होता.

त्या प्रकरणानंतर ऋतुराजनं नियम केलाच. स्क्रीन उन्हात वाचता येत नाही तोवर कुणी एकट्यानं धावपट्टीच्या नजरेबाहेर जायचं नाही, जायचंच असेल तर मागच्या सीटवर कागदी नकाशा वाचणारा माणूस पाहिजे. फळ्यावर लाल खडूनं लिहिलं आणि खाली माझं नाव न घेता माझ्याकडं पाहिलं.

कागदी नकाशा म्हटलं आणि मी तिथल्या तिथं बाकावर बसलो. आपण कॉलेजात होतो तेव्हाचं औरंगाबाद आठवलं. ते लाकूड आणि कापडाचं दोन सीटांचं ग्लायडर, पुढं मी, मागं तू, तुझ्या मांडीवर घड्यांवर विरलेला नकाशा, बोट नकाशावर आणि तोंड चालू. तुझं रस्ता सांगणं म्हणजे एक प्रकरण होतं. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडं, डाव्यावर थाप म्हणजे डावीकडं, आणि टाळूवर टपली म्हणजे गाढवा, आपण चुकलोय. गावं तू नावानं सांगायचा नाहीस, खाण्यानं सांगायचास. त्या देवळावरून वळव, जिथं भंडाऱ्याला वांग्याची भाजी होती. पुढं ओढा येईल, त्याच्या पलीकडं हुरडा. सरकारी नकाशावर यातलं काहीही छापलेलं नव्हतं आणि तरीही आपण देवगिरीच्या किल्ल्याला वळसा घालून परत यायचो, कधी धावपट्टीवर, कधी कुणाच्या बाजरीत.

बाजरीत उतरलो की वहिनी यायच्या. लग्न झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी तुला आणि मला सारख्याच शिव्या दिल्या, मग एक दिवस क्लबची जीप घेऊन ग्लायडर आणायला स्वतःच निघाल्या, आणि पुढं कित्येक वर्षं तेच. त्यांची ती लग्नातली स्टीलची परात आठवते? धुरकट दिवस असला, की आपल्याला खालचं एक गाव दुसऱ्यासारखं दिसायचं, तुझा नकाशाही हात टेकायचा, आणि अचानक लांब कुठंतरी बांधावर लखकन कवडसा चमकायचा. वहिनी परात उन्हाला धरून उभ्या असायच्या. एकदा चमकली म्हणजे इथं उतरा, सारखी चमकली म्हणजे भाकरी गार होतेय. सूर्य तेव्हा आपल्या बाजूनं होता रे. आता तोच सूर्य एका तळहाताएवढ्या काचेवर पडतो आणि मला आंधळा करतो.

माझ्या आईनं एकदा त्यांना विचारलं होतं, की नवरा असा हवेत लटकतो, तुला भीती नाही का वाटत. मी शेजारी पोहे खात होतो, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. परात घासता घासता त्या म्हणाल्या, "भ्या कशाचं, आत्या? दोघं हायेत ना वर. एक चुकला तर दुसरा हाय. एकट्याला मी जाऊच द्यायची नाय." हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नाही, आपण दोघंच जायचो ना.

असो, मी तांत्रिक विषयावरून ढळतोय. गेल्या आठवड्यात यंत्र घेऊन मी क्रांती चौकात एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गेलो. दुकानात स्क्रीन लख्ख. मी म्हटलं इथं नाही, उन्हात चला. तो बिचारा गिऱ्हाईकं सोडून रस्त्यावर आला, यंत्र हातात घेतलं आणि म्हणाला दिसतंय की. मी बघतो तर काळं. तो म्हणे दिसतंय, मी म्हणे नाही. रिक्षावाले थांबले, उसाच्या रसवाल्यानं निकाल द्यायला चरक बंद केला, आणि सगळ्यांना दिसत होतं, एक मी सोडून. माझा आवाज चढायला लागला तेव्हा त्या दुकानदारानं अगदी अदबीनं हात पुढं केला आणि म्हणाला, "चचा, स्क्रीन कू कुछ नै हुआ. ये चश्मा निकालो जरा."

आप्पा, तो निशानं वाढदिवसाला दिलेला गॉगल होता. भारीतला. त्याच्या काचा अशा असतात म्हणे, की उन्हाची चमक अडवतात, आणि त्याच झटक्यात असल्या स्क्रीनचा उजेडही अडवतात. मान आडवी केली की दिसतं, सरळ केली की काळं. उन्हात आलो की मी तो चढवायचो, सावलीत गेलो की काढायचो, आणि दोष स्क्रीनला द्यायचो. दस्तीच्या आत शिरलो होतो तेव्हाही तो माझ्या डोळ्यांवरच होता. काखेत कळसा म्हणतात, माझा तर नाकावर होता. रसवाल्यानं मला एक ग्लास फुकट दिला, आणि तो मी घेतला, यावरून माझी अवस्था ओळख.

परवा सकाळी मी एकटाच धावपट्टीवर गेलो. ग्लायडरमध्ये बसलो, झाकण लावलं, गॉगल खिशात. ऊन तोंडावर. स्क्रीन चालू केली. दिसलं रे. ऑफिसातल्याइतकं झगझगीत नाही, पण सगळं वाचता येत होतं, चितेगाव हे नावसुद्धा, आणि त्याच्याकडं तोंड केलेला एक लहानसा बाण. बाण चुकत नाही. बाणाला हुरडा आठवत नाही. बाण टपली मारत नाही. मी सवयीनं मागं वळून काहीतरी बोलायला गेलो, तर मागच्या सीटचे पट्टे एकमेकांत अडकवून घट्ट बांधलेले. सीट रिकामी असली की तसे बांधावे लागतात, नाहीतर हवेत हेलकावतात. मला तुझी फार आठवण आली. मेलेल्या माणसाची आठवण येते ते मी समजू शकतो, वहिनींची येतेच. पण जिवंत माणसाची, वीस किलोमीटरवर बसलेल्याची अशी आठवण यावी, याचा मला संताप येतो.

तेव्हा स्क्रीनचा प्रश्न सुटला, आणि कळवण्यासारखं एवढंच होतं. मागणं काही नाही. पारूबाईला रामराम सांग, गुळाबद्दल आभार सांग, उन्हाचं ताक पीत जा. खिडकी उघडी ठेवतोस ते बरं करतोस.

तुझा, अजून पुढच्या सीटवर बसणारा,
बद्रीनाथ

ता.क. एक सांगायचं राहिलं. स्क्रीन उन्हात वाचता येते हे मी ऋतुराजला सांगितलेलं नाही. उलट सांगितलं की मराठवाड्याच्या उन्हापुढं कुणाचं काही चालत नाही, यंत्र गेलं कामातून. तो हळहळला. म्हणाला, काका, मग नियमाप्रमाणं मागं नकाशावाला पाहिजे, पण आता कागदी नकाशा वाचणारा आणायचा कुठून. मी म्हटलं, आहे एक.

ता.क. दुसरा. त्यानं रविवारच्या फळ्यावर मागच्या सीटसमोर तुझं नाव लिहिलंय. वजन विचारलं, मी अंदाजानं सांगितलं. वर्षभर झोपून वाढलं असेल तर तिथं आल्यावर काट्यावर उभा राहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जीप सकाळी दारात येईल. पारूबाईला सगळं ठाऊक आहे, भाकरी ती बांधून देणार आहे.

ता.क. शेवटचा. यायचंच नसेल तर जबरदस्ती नाही. पण मग यंत्र चांगलं आहे आणि बद्री खोटं बोलला, हे ऋतुराजला कुणीतरी सांगितलं पाहिजे, नाहीतर तो उगाच नवीन यंत्र घ्यायचा खर्च करेल. मी सांगणार नाही. फोनवर तू सांगितलंस तर त्याला पटणार नाही, कारण आप्पासाहेब फोनला हात लावत नाहीत हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय. ते तुला धावपट्टीवर येऊन, माझ्यासमोर, तोंडानंच सांगावं लागेल.