रिकाम्या जागी हिरवा रंग

भोर, शुक्रवार

प्रिय स्वानंद,

जमीन 'स्थिर' असल्याचा तुझा अहवाल कापूरहोळपुढच्या खडीच्या खाणीवर, ऑफिसच्या भिंतीला, काचेच्या चौकटीत विराजमान झाला आहे. शेजारी गणपती. उदबत्ती दोघांत एकच. धाकट्या भावाची अशी पूजा पाहून धन्य व्हावं की आंघोळ करावी, हे मला ठरवता आलं नाही.

उपग्रहाचं रडार म्हणे जमीन मिलिमीटरभर सरकली तरी ओळखतं. खाणीच्या कडेवर सात घरं आहेत. त्यांतल्या अंबूबाईंकडे असलं काही नाही. त्या अंगणातल्या भेगेवर चुन्याचा पट्टा ओढतात आणि आठवड्या-दहा दिवसांनी तो फाटलेला बघतात. दसऱ्यापासून हा चौथा. मला म्हणाल्या, "बाई, तुमचा भाऊ आभाळातनं बघतोय न्हवं? मग येकदा हितं यायला काय झालं?" मी विद्वान बाई, त्यांची चुन्याची वाटी धरून उभी.

दिवाळीत चकली खाताखाता तूच हसत सांगितलंस: तिथं रोज सुरुंग उडतात, दगड हलतात, म्हणून आधीचं आणि नंतरचं चित्र जुळत नाही. नकाशात खाणीची कड कोरीच राहते. तुझ्या साहेबांना कोरं आवडेना, म्हणून तिथंही 'स्थिर'चा हिरवा रंग भरलास. गणित अडलं की वहीत मोर काढायचास, ती कला वाया गेली नाही म्हणायची. अरे, न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, एवढ्यावर न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, लोकांनी आयुष्यं घालवली. तुझं एका चकलीत आटोपलं.

आता या पत्राचं कारण. दसऱ्याच्या सुमारास भेगा पडल्या म्हणून ही सात घरं शाळेत राहायला गेली होती. ग्रामसभेत तुझा इंग्रजी अहवाल मराठीत सांगायला मलाच बोलावलं. मी सांगितला आणि कुणी न विचारता वर जोडलं, "माझ्या भावानं केलंय, निर्धास्त राहा." माणसं गाद्या डोक्यावर घेऊन घरी परतली. दिवाळीत खरं कळल्यावरही मी तुला आणखी एक चकली वाढली आणि तीन आठवडे तोंड मिटून बसले. तेव्हा माझ्या तिरस्कारातला मोठा वाटा माझाच, तुला उरलेला.

काल भेगेत अंबूबाईंचा हात कोपरापर्यंत गेला. सोमवारी मोठे सुरुंग आहेत. सकाळी सरपंचांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "तुमच्या भावाच्या सहीचा कागद हाय तवर शाळंचं कुलूप कसं काढू, बाई?" म्हणून सहीनिशी एकच ओळ पाठव: 'खाणीची कड आम्हाला दिसलेली नाही.' रविवारपर्यंत आली नाही, तर सोमवारी सुरुंगाच्या वेळी मी अंबूबाईंच्या घरात असेन. ही धमकी नाही. पत्ता कळवते आहे.

तुझीच,
सरोजताई